वाईचे घाट आणि जीर्णोद्धाराचा धर्म

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला आणि महाराष्ट्रात सर्वत्र आनंद व्यक्त झाला. शिवछत्रपतींच्या दुर्गविज्ञानाला जगाने दिलेली ही मान्यता होती आणि तो आनंद सर्वथा सार्थ होता. या बारा दुर्गांत प्रतापगड आहे. परंतु प्रतापगडाच्या रणसंग्रामाचे पूर्वपर्व ज्या नगरीत घडले, त्या कृष्णाकाठच्या वाईची आठवण त्या आनंदोत्सवात फारशी कोणाला झाली नाही. गडाचा गौरव करताना गडाच्या पायथ्याच्या मुलुखाचा, तेथील पेठांचा, घाटांचा आणि देवळांचा विसर पडावा, ही आपल्या इतिहासप्रेमातील एक जुनी उणीव आहे.

गडाचे जतन करणे तुलनेने सोपे असते. तेथे वस्ती नाममात्र असते, मालकी बहुतांशी शासनाची असते आणि पर्यटक संध्याकाळी गड उतरून जातात. नगराचे तसे नसते. तेथे माणसे राहतात, मुलांची लग्ने होतात, भावाभावांत वाटण्या होतात, छपरे गळतात आणि घरात मोटार उभी करायला जागा लागते. जिवंत नगरातील वारसा म्हणूनच सर्वांत अधिक धोक्यात असतो. वाईचे उदाहरण त्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. कारण येथे इतिहास संग्रहालयात ठेवलेला नाही. तो आजही रोज सकाळी नदीवर जातो, देवाला पाणी घालतो आणि उत्सवाची वर्गणी गोळा करतो.

नवसाची नदी

सातारा जिल्ह्यातील हे लहानसे शहर महाबळेश्वर-पाचगणीच्या पठाराखाली, पसरणी घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. परंपरा या स्थानाला विराटनगरी म्हणते आणि कृष्णातीरावरील देवळांच्या दाटीमुळे 'दक्षिण काशी' हे बिरुद वाईला फार पूर्वीपासून मिळाले आहे. जवळच लोहारे येथील कातळात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. म्हणजे या खोऱ्यातील धर्मजीवन पेशवाईत सुरू झालेले नाही. त्याची मुळे त्याहून कितीतरी शतके खोल गेलेली आहेत.

सतराव्या शतकात वाईचा सुभा आदिलशाही सरदार अफझलखानाकडे होता. १६५९ मध्ये शिवाजीराजांवर चालून आलेल्या खानाचा तळ वाईला पडला होता आणि येथूनच तो जावळीच्या अरण्यात उतरला. १० नोव्हेंबर १६५९ या दिवशी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले, ते मराठी मुलांना तोंडपाठ असते. परंतु त्या दिवसाची एक वेगळी आठवण वाईने जपली आहे. राजांवरील संकट टळावे म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि संकट टळल्यावर तो फेडला गेला, तेव्हापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, अशी वाईची श्रद्धा आहे. इतिहासाचा विद्यार्थी या आख्यायिकेसाठी कागद मागेल आणि ते त्याचे कर्तव्यच आहे. परंतु एका संपूर्ण गावाने स्वराज्याच्या विजयाची स्मृती राजवाड्याऐवजी नदीशी जोडावी, ही गोष्ट स्वतःच एक ऐतिहासिक साक्ष आहे.

हा उत्सव कसा होतो, हे बाहेरच्या वाचकाने समजून घेण्याजोगे आहे. वाईची जुनी वस्ती आळ्यांमध्ये विभागलेली आहे आणि नदीकाठचा घाटही आळीआळीने ओळखला जातो. भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि गंगापुरी ही त्यांची नावे. थंडी सरता सरता एकामागून एक घाटावर कृष्णाबाईची स्थापना होते. एका घाटाचा उत्सव आटोपला की पुढच्या घाटाचा सुरू होतो. पूजा, कीर्तन, प्रवचन, गाणे आणि महाप्रसाद यांनी नदीकाठ गजबजून जातो. प्रत्येक आळी आपला उत्सव आपण करते, आपली वर्गणी आपण जमवते आणि आपला घाट आपण धुते.

या शेवटच्या वाक्यातच वाईच्या वास्तुरक्षणाचे रहस्य दडलेले आहे. घाटाची निगा राखण्यासाठी कोणा खात्याचा आदेश लागत नव्हता. उत्सव यायचा असे, म्हणून पायऱ्यांवरचा गाळ निघत असे. देव बसायचा असे, म्हणून निखळलेला चिरा पुन्हा बसविला जात असे. श्रद्धेने व्यवस्था निर्माण केली होती आणि व्यवस्थेने दगड टिकवला होता.

रास्त्यांची निर्मिती

आज दिसणाऱ्या वाईचे मुख्य शिल्पकार म्हणजे रास्ते घराणे. मूळचे कोकणातील वेळणेश्वरचे गोखले. छत्रपती शाहूंच्या काळात त्यांना रास्ते हे नाव लाभले. या घराण्यातील भिकाजी नाईकांची कन्या गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी, विश्वासराव आणि थोरले माधवराव यांची माता. तिचे बंधू पेशवाईत मोठ्या योग्यतेला चढले. पुण्याची रास्ता पेठ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते आनंदराव त्यांपैकीच एक. सत्ता आणि संपत्ती पुण्यात मिळविली, तरी आपल्या गावाचे ऋण रास्त्यांनी देवळांच्या आणि घाटांच्या रूपाने फेडले.

१७५७ मध्ये आनंदराव भिकाजी रास्ते यांनी काशीविश्वेश्वराचे मंदिर बांधले. भोवती प्राकार, पुढे दोन दीपमाळा आणि मंडपात काळ्या पाषाणाचा, आरशासारखा घोटलेला नंदी. पुढे पाच वर्षांनी, १७६२ मध्ये, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी नदीच्या अगदी काठावर गणपतीचे मंदिर उभारले. आतील मूर्ती एकसंध पाषाणाची आणि एवढी विशाल की लोकांनी तिला प्रेमाने 'ढोल्या गणपती' म्हटले. या सालाकडे क्षणभर लक्ष द्यायला हवे. पानिपतचा वज्राघात जानेवारी १७६१ चा. त्या रणात गोपिकाबाईचा तरुण पुत्र विश्वासराव धारातीर्थी पडला आणि त्याच वर्षी नानासाहेबांचाही अंत झाला. ज्या घराण्याची लेक अशी विदीर्ण झाली होती, त्याच घराण्याने दुसऱ्याच वर्षी नदीकाठावर विघ्नहर्त्याचे मंदिर पूर्ण करावे, यातून त्या पिढीच्या धैर्याची कल्पना येते. पराभवानंतर समाज कसा उभा राहतो, याचे उत्तर कधीकधी बखरीऐवजी दगडात वाचावे लागते.

ढोल्या गणपतीच्या मंदिराचे वास्तुवैशिष्ट्य त्याच्या पाठीमागे आहे. समोरून दर्शन घेऊन परत जाणाऱ्या भाविकाला ते बहुधा दिसतच नाही. गाभाऱ्याची मागील भिंत मत्स्याकार, म्हणजे माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या डोंगरावरून फुगून येणारी कृष्णा या भिंतीवर आदळते, दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. नदीपासून दूर सुरक्षित जागी देऊळ बांधता आले असते. परंतु नदी आणि देव यांची ताटातूट करायची नाही, आणि देवळाला वाहूनही जाऊ द्यायचे नाही, असा दुहेरी निश्चय त्या स्थपतीने केला आणि त्याला दगडाचे उत्तर शोधले. अडीचशेहून अधिक पावसाळे त्या उत्तराची परीक्षा घेत आले आहेत.

याच पाषाणी परंपरेची दुसरी पाने आसपास विखुरलेली आहेत. नदीच्या वरच्या अंगाला धोम येथे कमळाच्या आकाराचे कुंड, त्यात दगडी कासव आणि त्याच्या पाठीवर नंदीचा मंडप, अशी अपूर्व रचना आहे. वाईजवळच मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि काठावर विष्णूचे व मेणेश्वराचे मंदिर आहे. त्या घाटावर टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची आहे. तिच्यावर बाल येशूसह मेरीची आकृती असून, चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई विजयाची ती आठवण मानली जाते. विजयाची खूण म्हणून आणलेली घंटा वितळवून टाकली गेली नाही, तिच्यावरील परधर्मीय चित्र खरवडले गेले नाही. ती जशी होती तशी देवाच्या दारी टांगली गेली. हिंदू मनाच्या या सहज उदारतेची दखल प्रत्येक सहलीत मुलांना दाखवून घेतली पाहिजे.

वाडा हे या नगररचनेचे दुसरे अंग. दिंडी दरवाजा, पडवी, ओटी, माजघर, देवघर, परसदार आणि मधोमध उघडा चौक. खाली काळा दगड, वर वीट आणि माती, आधाराला सागवानी खांब आणि तुळया. उन्हाळ्यात चौकामुळे हवा खेळती राही आणि जाड भिंतींमुळे आत गारवा राही. चौकात पडणारा पाऊस, तुळशीवृंदावन, धान्याचे बळद या सर्वांतून एकत्र कुटुंबाची दिनचर्या जणू नकाशासारखी वाचता येत असे. नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवरील चित्रे आहेतच. शिवाय याच वाड्यातून इतिहासाभ्यासकांना 'मेणवली दप्तर' हा अमोल कागदसंग्रह मिळाला. घर टिकले म्हणून कागद टिकले आणि कागद टिकले म्हणून उत्तर पेशवाईचा इतिहास लिहिता आला, ही साखळी ध्यानात घेतली पाहिजे.

ग्रंथ वाचणारे गाव

वाईची ओळख केवळ घाटांची नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेने या गावाला विद्येचे पीठ बनविले. १९१७ च्या सुमारास महात्मा गांधींच्या आश्रमातून रजा घेऊन आलेले तरुण विनोबा भावे येथेच उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे अभ्यासत होते. केवलानंदांचा मीमांसाकोश, धर्मकोशाचे खंड आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, ही सर्व कामे या छोट्या गावात झाली. मोठी ग्रंथकार्ये महानगरातच होतात, हा समज वाईने खोटा ठरविला.

या परंपरेतील एक गोष्ट प्रस्तुत विषयाशी निगडित आहे. अस्पृश्यतेला धर्मशास्त्राचा आधार नाही, हे सांगण्यासाठी तर्कतीर्थांनी १९३२-३३ च्या सुमारास आपले पांडित्य गांधीजींच्या कार्याला दिले आणि पुढे देवदास गांधी व लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही केले. तर्कतीर्थांची राजकीय मते अनेकांना मान्य नव्हती, आजही नसतील. परंतु त्यांची पद्धत मोलाची होती. रूढी बदलायची तर आधी शास्त्र वाचायचे, मूळ काय आणि नंतरचा लेप कोणता हे ओळखायचे, आणि मग लेप निर्भयपणे काढून टाकायचा. टाकायचे काय आणि राखायचे काय, याचा विवेक म्हणजेच परंपरा.

आज नेमके उलटे घडते आहे. कालबाह्य रूढींना समाज हात लावू धजत नाही आणि कालजयी दगडाला मात्र बेधडक हात लावतो.

भक्तीच्या हातातील घण

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेत फेरी मारली, तरी हे चित्र दिसते. काळ्या पाषाणाच्या सभामंडपाला भगवा, निळा, चंदेरी ऑइलपेंट फासलेला असतो. गाभाऱ्याच्या भिंतींवर स्नानगृहात शोभाव्यात अशा गुळगुळीत फरशा बसविलेल्या असतात. दगडी फरसबंदीवर संगमरवर चढतो, दीपमाळेला सिमेंटचा गिलावा लागतो, वीरगळ आणि सतीशिळा बाजूच्या भिंतीत चिणल्या जातात, आणि देणगीदारांच्या नावांचा फलक मूळ शिलालेखावर ठोकला जातो. या साऱ्याला नाव दिले जाते जीर्णोद्धार. अनेक ठिकाणी तर जुने मंदिर सरळ पाडून त्या जागी काँक्रीटचे नवे शिखर उभे राहते आणि त्याचा कलशारोहण सोहळा थाटाने होतो.

यामागे श्रद्धा नाही असे कोण म्हणेल? श्रद्धा आहे, पैसा आहे, श्रमही आहेत. नाही ते ज्ञान. दगड आणि चुना यांचे बांधकाम श्वास घेते. जमिनीतून चढलेली ओल चुन्याच्या दर्जांतून बाहेर पडते. घाणीत मळलेला, गूळ-बेलफळासारखी द्रव्ये घालून मुरवलेला तो चुना मंद गतीने घट्ट होत जातो आणि बांधकामाच्या सूक्ष्म हालचालीशी जुळवून घेतो. त्यावर सिमेंटचा कठीण थर दिला की ओल आतच कोंडते, क्षार साठतात आणि काही वर्षांत आतली वीट भुसभुशीत होऊ लागते. मराठाकालीन मंदिरांची शिखरे बहुधा विटा-चुन्याची असल्याने हा आघात त्यांना सर्वाधिक बसतो. ऑइलपेंटखाली दगडावरचे बारीक कोरीवकाम बुजते. मग ते 'स्वच्छ' करण्यासाठी यंत्राने घासले जाते आणि दोन शतकांची छिन्नीची रेघ दोन दिवसांत नाहीशी होते.

शास्त्राचा आग्रह धरणाऱ्यांनी शास्त्र काय सांगते हे तरी पाहावे. मयमत या प्राचीन शिल्पग्रंथात जीर्ण वास्तूंच्या दुरुस्तीचा स्वतंत्र विचार आहे. ज्या देवालयाची लक्षणे अजून ओळखू येतात, त्याची दुरुस्ती त्याच्याच द्रव्याने, त्याच्याच मापाने, काही नवे न वाढविता, मूळ रूपाला धरून आणि जाणत्यांच्या सल्ल्याने करावी, असा त्याचा आशय आहे. आधुनिक संवर्धनशास्त्र जे आज सांगते, ते या भूमीतील स्थपतींनी कित्येक शतकांपूर्वी सांगून ठेवले होते. म्हणजे पाषाणावर फरशा चिकटविणे हे केवळ कलेच्या दृष्टीने विद्रूप नाही. ते अशास्त्रीय आणि, नेमक्या अर्थाने, अधार्मिक आहे.

परकीय आक्रमकांनी फोडलेल्या मंदिरांचा इतिहास समाजाला सांगितला पाहिजे. तो दडपणे हा सत्याचा द्रोह आहे. परंतु त्या इतिहासाचे स्मरण करणाऱ्या समाजाकडून अधिक दक्षतेची अपेक्षा असते. आक्रमकाच्या घणाने भंगलेल्या मूर्तीचे दुःख आपण पिढ्यान् पिढ्या वाहतो आणि आपल्याच मंडळाच्या ठरावाने पाडलेल्या मंडपाचे दुःख आपल्याला एक दिवसही होत नाही, ही विसंगती कशी समर्थनीय ठरेल? शत्रूने केलेला विध्वंस निदान विध्वंस म्हणून ओळखला तरी गेला. भक्तीने केलेल्या विध्वंसाचा सत्कार होतो, म्हणून तो थांबत नाही.

वाडे का पडले?

वाड्यांच्या बाबतीत मात्र केवळ मालकांना दोष देणे अन्यायाचे होईल. इनामे गेली, कूळकायद्याने शेतीचे उत्पन्न आटले, १९४८ च्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक घरे राख झाली आणि अनेक कुटुंबांनी गाव सोडले. भाडेनियंत्रणाच्या कायद्यांमुळे शहरोशहरी भाडी गोठली. ज्या वाड्याचे महिन्याचे भाडे त्याच्या एका कौलाच्या किमतीएवढेही नाही, त्याची दुरुस्ती मालक कोठून करणार? पुढच्या पिढ्या पुण्या-मुंबईस आणि परदेशी गेल्या. एका वाड्याचे वीस-पंचवीस वारस झाले. अशा वेळी बांधकाम व्यावसायिक दारात येतो आणि सर्वांच्या सह्या घेतो. वाडा पडतो, सागवान विकले जाते आणि त्या जागी तीन-चार मजली इमारत उभी राहते.

उरलेल्या वाड्यांत राहणाऱ्यांनाही सुखसोयी हव्यात, हे मान्य केलेच पाहिजे. पर्यटकाला चौकातून दिसणारे आकाश रम्य वाटते. त्याच चौकातून पावसाळ्यात रात्री स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या आजीबाईंना ते तसे वाटत नाही. वारसा जपण्याचा भार फक्त तेथे राहणाऱ्यांनी सोसावा आणि त्याचे कौतुक बाहेरच्यांनी करावे, ही व्यवस्था टिकणारी नाही. म्हणूनच जतनाची योजना ही राहण्याची योजनाही असली पाहिजे.

चित्रपटांनी वाईला प्रसिद्धी दिली, काही हातांना कामही दिले, हेही खरे. 'गंगाजल' (२००३), 'स्वदेस' (२००४), 'दबंग' (२०१०) या चित्रपटांचे चित्रण वाई-मेणवली परिसरात झाले. गंमत अशी की पडद्यावर हा परिसर कधी बिहारमधील गाव होतो, कधी उत्तर प्रदेशातील. वाई मात्र वाई म्हणून दिसत नाही. देशभराच्या डोळ्यांना हे घाट परिचित आहेत आणि त्यांचे नाव मात्र अपरिचित आहे. घाट हा देखावा म्हणून भाड्याने गेला की त्याची किंमत वाढते आणि मूल्य कमी होते. घाटाला प्रेक्षक नकोत असे नाही. पण त्याला आधी यजमान हवेत.

आणि नदीविना घाटाला अर्थ तरी काय? वर धोमला धरण झाले, त्याने शेती फुलली. त्या लाभाबद्दल कोणाची तक्रार असू नये. परंतु पूर्वीचे पाणी गाळ धुऊन नेत असे. आता उन्हाळ्यात प्रवाह क्षीण होतो आणि गावाचे सांडपाणी, प्लास्टिक, निर्माल्य तेथेच साचते. ज्या नदीला नवस बोलून स्वराज्याचे रक्षण मागितले, तिच्याच पात्रात गटार सोडून तिच्याच काठावर तिची आरती करायची, यात भक्ती किती आणि सवय किती, याचा विचार प्रत्येक नदीकाठच्या गावाने करायला हवा.

आळीपासून आरंभ

मग उपाय काय? शासनाची जबाबदारी आहेच. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ऐतिहासिक व वास्तुदृष्ट्या महत्त्वाच्या स्थळांचे जतन हा विकास आराखड्याचा विषय म्हणून नमूद आहे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली. लहान नगरांच्या आराखड्यांतही जुन्या पेठांना असे स्वतंत्र स्थान मिळाले पाहिजे. वाडा न पाडणाऱ्या मालकाला करसवलत, दुरुस्तीसाठी सुलभ कर्ज आणि न वापरलेल्या बांधकाम हक्काचा मोबदला मिळाला, तर वाडा हे ओझे राहणार नाही.

परंतु शासन येईल तेव्हा येईल. वाईच्या उत्सवाने जी पद्धत शिकविली आहे, ती शासनाची वाट पाहणारी नाही. प्रत्येक आळीने आपल्या हद्दीतील देवळे, पार, घाट, वीरगळ, शिलालेख आणि वाडे यांची एक वही करावी. बांधकाम केव्हाचे, कोणत्या द्रव्याचे, आज स्थिती कशी, याची छायाचित्रांसह नोंद असावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे काम सहज जमेल. प्रत्येक मंदिराच्या विश्वस्तांनी एक ठराव करावा: जाणत्या स्थपतीच्या लेखी सल्ल्याविना पाषाणाला रंग, फरशी आणि सिमेंट लागणार नाही. ठरावाला एक रुपयाही खर्च येत नाही. जेथे रंग लागला आहे, तेथे तो घाईने न घासता तज्ज्ञांकडून उतरवून घ्यावा. उत्सवाच्या वर्गणीतील एक निश्चित हिस्सा घाटाच्या दर्जा भरण्यासाठी राखून ठेवावा. आणि चुन्याचे काम जाणणारे जे थोडे वृद्ध गवंडी व पाथरवट खेडोपाडी उरले आहेत, त्यांच्या हाताखाली तरुण मुले शिकतील अशी व्यवस्था करावी. या कारागिरांच्या जातींना मंदिर बांधण्याचा मान होता, पण त्यांतील कित्येकांना त्याच मंदिराच्या गाभाऱ्यापासून दूर ठेवले गेले, हे विसरता येणार नाही. त्यांच्या विद्येचा सन्मान करणे हा त्या जुन्या अन्यायाच्या परिमार्जनाचाही एक मार्ग आहे.

समाजसंघटनेचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या कार्याकडे 'पुरातत्त्व' म्हणून पाहू नये. आळीची वही करताना घरोघरी जावे लागते, सर्व जातींच्या वृद्धांशी बोलावे लागते, भावकीचे वाद ऐकून घ्यावे लागतात, विश्वस्तांची समजूत घालावी लागते. हेच तर संघटन आहे. देणगीदाराला 'तुमच्या नावाची फरशी नको, तुमच्या नावे घाटाच्या दहा पायऱ्या नीट होऊ द्या' हे सांगण्याचे धैर्य ज्याच्याजवळ आहे, तो कार्यकर्ता मोठी लोकशिक्षणाची कामगिरी करीत असतो. असे धैर्य शत्रूविरुद्ध घोषणा देण्यापेक्षा कठीण असते, कारण ते आपल्याच माणसांसमोर दाखवायचे असते.

राष्ट्राचा वारसा म्हटला की डोळ्यांपुढे भव्य स्मारके येतात. पण राष्ट्र हे अखेर अशाच लहान नगरांचे, आळ्यांचे आणि घाटांचे बनलेले आहे. रास्त्यांजवळ सत्ता होती, द्रव्य होते. तरी पुराचा जोर ओळखून भिंत माशासारखी निमुळती करणाऱ्या त्या अनाम स्थपतीचे त्यांनी ऐकले, म्हणून ते देऊळ आज उभे आहे. आजच्या समाजाजवळ द्रव्याची वाण नाही आणि श्रद्धेचीही नाही. जाणत्याचे ऐकण्याची ती नम्रता पुन्हा अंगी बाणवली, तर पुढची अडीचशे वर्षेही कृष्णेचा पूर त्या भिंतीवर येऊन दुभंगेल आणि पुढे जाईल.